सहा रोज्यांनंतरचा बुधवार

जवळजवळ सगळा रमजान मोठ्या बाईंची जीभ रजेवर होती.

बाइंडिंगच्या कारखान्यात हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलून कुणी दाखवत नव्हतं. तान्हं मूल झोपलं की घरातली माणसं कशी चवड्यांवर चालतात, तसं चाललं होतं. कारखाना खाली, घर वर आणि मधे चौदा पायऱ्यांचा लोखंडी जिना. एरवी बाई जिना उतरायला लागल्या की घड्या घालणारी मावशी ओढणी सारखी करायची, कटिंग मशीनवरचा बाईंचा मुलगा तोंडातली सुपारी थुंकून यायचा, आणि शिलाईच्या टेबलाशी बसलेली सून मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागायची, सुईत आधीच दोरा असला तरी. पहिल्या पायरीवर बाई सुरू व्हायच्या ते शेवटच्या पायरीपर्यंत तिघांचा समाचार घेऊन व्हायचा. चौथं कुणी असलं, अगदी गिऱ्हाईक असलं, तर त्याचाही.

बाईंची शाळा दुसरीत सुटली. अक्षर लावून वाचायच्या, तेही सावकाश, डाळीतले खडे वेचावेत तसं. पण नवरा गेल्यावर बावीस वर्षं त्यांनी कारखाना चालवला आणि एक पुस्तक उलटं बांधून दिलं नाही. त्याला कारण होतं. छापखान्यातून मोठे कागद येतात, त्यांची घडी घातली की सोळा पानांचा एक जुडगा होतो, त्याला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापणारे एक काळा ठिपका देतात. पहिल्या फर्म्याला सगळ्यात वर, दुसऱ्याला जरा खाली, तिसऱ्याला आणखी खाली. सगळे फर्मे क्रमाने लागले की पुस्तकाच्या पाठीवर त्या ठिपक्यांचा जिना उतरत जातो. जिना तुटला की समजायचं, पानं चुकली. बाई पानांचे आकडे बघतच नसत. लांबून नुसती पाठ बघायच्या आणि सांगायच्या. म्हणूनच टेबलावर फर्म्यांचे ढीग मांडायचं काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत. मुलाला नाही आणि सुनेला तर नाहीच.

आता जीभ रजेवर का गेली ते सांगायला हवं.

रमजानच्या आठवडाभर आधी एका शाळेचे हेडमास्तर आले होते. शाळेला शंभर वर्षं झाली होती, त्याचं पुस्तक काढलं होतं, आणि पाहुण्यांना द्यायला साठ प्रती हाताने शिवून, कापडी पुठ्ठ्यात बांधून हव्या होत्या. कापड कोणतं घ्यावं, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, हिरवं घ्या. सुनेने मान वर न करता म्हटलं, "हिरवं उन्हाने विटतं सर. मरून टिकेल."

"गिऱ्हाईकासमोर मला शिकवतेस?" बाई म्हणाल्या.

"शिकवत नाही अम्मी. सांगतेय."

"माझ्या घरात राहून, माझ्या टेबलाशी बसून, मलाच सांगतेस?"

सुनेने पुढचा टाका घातला. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मरून सांगून गेले. बाईंना वाटलं, विषय संपला. त्यांचे विषय असेच संपत. बोलून झालं की त्यांचं पोट साफ. ज्याच्या अंगावर सांडलं त्याने धूत बसावं.

रमजानच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नात त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. पोर सात वर्षांची. बडबड थांबत नाही म्हणून सगळे तिला मैना म्हणत. मैना म्हणाली, "दादी, नव्या घरात मला खिडकीपाशी झोपायला मिळणार आहे."

"कोणत्या नव्या घरात?"

"त्या पिठाच्या गिरणीच्या मागे दोन खोल्या आहेत ना, तिथे. अब्बा बघून आले. तिथले लोक ईदनंतर जाणार आहेत. मग अम्मी ईदनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी घरमालकांना हो सांगणार."

बाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. हात थांबला असता तर पोरीला कळलं असतं.

खरं तर एक शब्द पुरला असता. सुनेजवळ जाऊन म्हणायचं, जाऊ नका. पण विनवणी बाईंच्या हाडातच नव्हती. नवऱ्याच्या आजारपणात डॉक्टरांनासुद्धा त्यांनी "बघा तुमच्याने होतंय का" असंच म्हटलं होतं. त्या रात्रीच्या नमाजनंतर त्या जानमाजच्या चटईवर जरा जास्त वेळ बसल्या आणि लहानपणी वडिलांनी शिकवलेली एक गोष्ट त्यांना आठवली. रोज्यात कुणी भांडायला आलं, तर आपण इतकंच सांगायचं की माझा रोजा आहे. भांडण तिथेच सोडायचं. वडील सांगायचे, रोजा पोटाचा असतो तसा जिभेचाही असतो. इतकी वर्षं बाईंनी पोटाचा धरला होता. जिभेचा यंदा धरून बघू, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मावशीने घडी तिरकी घातली. बाईंच्या तोंडात वाक्य तयार होतं, चांगलं लांबलचक. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "माझा रोजा आहे." मावशीने घाबरून घडी उलगडली आणि परत घातली. मग सुनेने भाजीत मीठ जास्त घातलं, मुलगा पुठ्ठे आणायला उशिरा गेला, मैनाने खळीच्या डब्यात बाहुली बुडवली. प्रत्येक वेळी तेच. माझा रोजा आहे. आधी ते म्हणताना बाईंच्या कपाळाची शीर फुगायची. पंधराव्या रोज्याला नुसता श्वास मोठा यायचा. विसाव्याला सून स्वतःहून विचारायला आली की पुस्तकाच्या पाठीला डकवायची कापडी जाळी एकपदरी लावू की दुपदरी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तिने आपणहून असं कधी विचारलं नव्हतं. बाईंनी "दुपदरी" म्हटलं आणि जिना चढून वर गेल्या. वर जाऊन उगाचच उशांचे अभ्रे बदलले.

ईदचा दिवस आला आणि पंचाईत झाली. ईदला रोजा धरायचा नसतो. मग म्हणायचं काय? बाईंनी दिवसभर तोंडात काही ना काही ठेवलं. गोड, खारं, बडीशेप, लवंग. पाहुण्यांना वाटलं, म्हातारीला महिन्याची भूक लागलीय.

दुसऱ्याच दिवशी त्या पहाटे उठल्या आणि रोजा धरला. ईदनंतरच्या महिन्यात सहा रोजे धरायचे असतात, धरले तर मोठं पुण्य, नाही धरले तर गुन्हा नाही. आजवर बाईंनी ते कधी धरले नव्हते. मुलगा म्हणाला, "अम्मी, तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांनी महिनाभर कसंबसं जुळवून दिलं."

"त्यांनाच विचार."

डॉक्टरांनी सहाला हो म्हटलं, वर बजावलं की सातवा धरलात तर माझ्याकडे यायचं नाही. मावशी सगळ्या गल्लीत सांगत सुटली की मोठ्या बाई किती दीनदार, धर्माच्या पक्क्या झाल्या. बाईंनी सांगू दिलं. खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं होतं.

त्या सहा दिवसांत रमजानच्या सवयी एकेकाच्या अंगावरून गळत होत्या. महिनाभर पहाटेच्या नमाजला मशिदीत जाणारा मुलगा परत घोरायला लागला होता. त्याच्या खिशात सुपारीची पुडी वाजत होती. मावशी रोज कुराणाचं एक पान वाचायची, ती आता "उद्यापासून" म्हणत होती आणि तो उद्या काही उजाडत नव्हता. बाईंना सगळं दिसत होतं. प्रत्येकासाठी एकेक अस्सल वाक्य त्यांनी मनात घडवून ठेवलं होतं आणि गिळलं होतं. चांगली सवय सोडणं सोपं असतं, ते तर मैनाच्या बाहुलीलाही जमलं असतं. पण दुसऱ्याला हे ऐकवायचं तर आधी आपली टिकायला हवी, आणि आपल्या हातात फक्त मंगळवारपर्यंतची मुदत आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी सहावा रोजा. संध्याकाळी सूर्य बुडायला थोडा अवकाश असताना बाईंनी शाळेच्या पुस्तकाचे बारा ढीग टेबलावर मांडले. घसा कोरडा, डोळे घड्याळाकडे. तिकडे वरून मैना ओरडत होती, दादी खजूर काढून ठेवलाय. ढीग मांडून झाले तसा बाईंनी हात झटकला आणि वर गेल्या. पाण्याचा पहिला घोट घेताना त्यांच्या मनात आलं, आता उद्यापासून आपण आणि आपली जीभ. शुक्रवारच्या आधी अजून दोन दिवस होते.

बुधवारी सकाळी सून ढिगांपाशी उभी राहिली. प्रत्येकातला एकेक फर्मा उचलायचा, बारा झाले की ठोकून सारखे करायचे आणि शिवायला घ्यायचे. तिचा हात चांगला चालायचा. दुपारपर्यंत तिने आणि मावशीने मिळून बावीस प्रती शिवल्या. बाई साडेबाराला खाली आल्या, हातात चहाचा कप, बशीत दोन बिस्किटं. महिन्याहून जास्त काळानंतर दुपारचा चहा. त्या मनातल्या मनात बजावत होत्या, गप्प राहायचं. रोजा नसला तरी गप्प राहायचं.

तेवढ्यात हेडमास्तर नमुना बघायला आले.

बाईंनी कप एका हातात धरून दुसऱ्या हाताने शिवलेल्या प्रतींपैकी वरची उचलली, त्यांना दाखवायला. पाठ वळवली. आणि ठिपक्यांचा जिना तुटलेला होता. तीन पायऱ्या खाली, मग एकदम एक गळालेली, मग मागे वर, मग पुन्हा सुरळीत. चौथा आणि पाचवा फर्मा एकमेकांच्या जागी बसले होते. बाईंनी दुसरी प्रत उचलली. तेच. तिसरी. तेच. बावीसच्या बावीस.

कटिंग मशीनचा आवाज थांबला. मुलाने दांड्यावरचा हात काढला होता. मावशी घडीवर हात ठेवून तशीच बसली. हेडमास्तरांनी मागचा प्रसंग पाहिलेला होता, ते हळूच दाराच्या दिशेने एक पाऊल सरकले. सुनेने मान वर केली आणि बाईंकडे सरळ पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण मान खाली गेली नाही.

बाईंच्या घशात ते सगळं आलं. बावीस प्रती, बावीस वर्षं, हिरवं कापड, मरून कापड, गिरणीमागच्या दोन खोल्या, सगळं एका गाठोड्यात. त्यांनी तोंड उघडलं.

"माझा रोजा आहे," बाई म्हणाल्या.

मग मैना, जी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून चित्र काढत होती, ती म्हणाली, "दादी, तुझ्या हातात चहा आहे."

बाईंनी कपाकडे पाहिलं. अर्धा संपलेला होता.

"हातात आहे," त्या म्हणाल्या.

"आणि हनुवटीला बिस्कीट आहे."

बाईंनी हनुवटी पुसली. आणि मग एक आवाज आला, जो त्या कारखान्यात क्वचितच कुणी ऐकला असेल. सून हसत होती. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात सोडून. तिचं बघून मावशी सुरू झाली. मुलगा पाठ फिरवून मशीन पुसायला लागला, पण त्याचे खांदे हलत होते. हेडमास्तरांना काही कळलं नव्हतं तरी तेही हसले, सुटलो म्हणून असेल.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांना दुसरंच काहीतरी टोचलं होतं. रोजा नसताना रोजा आहे म्हणणं म्हणजे धडधडीत खोटं, आणि तेही अल्लाच्या नावाच्या गोष्टीत. आपण जिभेचा रोजा धरायला निघालो आणि जिभेनेच तो मोडला. त्यांनी कप खाली ठेवला.

"खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "रोजा नाही माझा. चुकलं."

हसणं थांबलं. बाईंच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द स्वतःबद्दल निघालेला त्या चौघांपैकी कुणी ऐकला नव्हता. मुलाने तर बत्तीस वर्षांत नाही.

"सर," बाई हेडमास्तरांकडे वळल्या, "आमच्याकडून फर्मे मागे-पुढे लागलेत. उसवून परत शिवावे लागतील. शुक्रवार संध्याकाळपर्यंत थांबता येईल?"

"येईल की," हेडमास्तर म्हणाले. "आमचा कार्यक्रम पुढच्या आठवड्यात आहे."

"मग या शुक्रवारी. कापड मरूनच आहे," बाई म्हणाल्या. "छान दिसेल."

हेडमास्तर गेले. बाईंनी स्टूल ओढलं, सुनेच्या समोर बसल्या आणि उसवायची छोटी सुरी घेतली. दोरा कापायचा, पण कागद कापायचा नाही. काम किचकट आणि डोळ्यांचं. दोघी समोरासमोर बसून टाके काढत राहिल्या. पाच प्रती उसवून झाल्या.

मग सून म्हणाली, "महिनाभर ते माझ्यासाठी म्हणत होतात?"

"तुझ्यासाठी कशाला? मला माझ्या आखिरतची, मेल्यानंतरच्या हिशोबाची काळजी आहे. वय झालं."

"ईदनंतरचे सहासुद्धा आखिरतसाठीच?"

"ते आणखी मोठं पुण्य असतं. मावशीला विचार, तिने सगळ्या गल्लीला सांगितलंय."

सुनेने मान डोलावली आणि दोरा ओढला. तिच्या ओठांचा कोपरा हलत होता. बाईंनी चौथा फर्मा सोडवून त्याच्या ढिगावर ठेवायला हात लांब केला आणि हात हवेतच राहिला. टेबलावर ढीग अजून तसेच मांडलेले होते. पहिला, दुसरा, तिसरा. पुढे पाचवा. मग चौथा. मग सहावा.

ढीग बाईंनी मांडले होते. काल, घड्याळाकडे बघत, खजुराच्या आशेने.

तोंडापर्यंत आलेलं ते सगळं गाठोडं जर मघाशी सुटलं असतं, तर आता ते एकेक करून परत उचलावं लागलं असतं, सुनेसमोर, मुलासमोर, मैनासमोर. आणि उचललं असतं की नाही याची बाईंना स्वतःलाच खात्री नव्हती. बहुतेक चढून वर गेल्या असत्या, दार लावून घेतलं असतं. आणि शुक्रवारी गिरणीमागच्या खोल्यांना हो गेलं असतं.

"हे ढीग," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "हे मी मांडले."

"हो," सून म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"सकाळी नाही. मी डोळे झाकून उचलत गेले, तुमचे ढीग कधी चुकत नाहीत म्हणून. तुम्ही पाठ बघितलीत तेव्हा टेबलाकडे माझं लक्ष गेलं."

"तेव्हाच बोलायचं. हेडमास्तरांसमोर बोलायचं, म्हातारीने मांडले म्हणून. मी तुला मागच्या वेळी सोडलं होतं का? मग बोलली का नाहीस?"

सुनेने बाईंच्या बशीतलं उरलेलं बिस्कीट उचललं, चहात बुडवलं, तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

"माझा रोजा आहे," ती म्हणाली.

आता मात्र बाईंनाही हसू आवरलं नाही. त्या हसल्या की खोकायच्या, खोकल्या की डोळ्यांत पाणी यायचं. मैना धावत पाणी घेऊन आली आणि म्हणाली, या घरात कुणाचाच रोजा नाहीये, सगळे खोटं बोलतात.

शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर सुनेचा फोन वाजला. बाई टेबलाशी साठ प्रतींच्या पाठी तपासत होत्या. मरून कापडाच्या आत जाण्याआधीची ही शेवटची नजर. फोन कुणाचा ते त्यांना बघावं लागलं नाही. त्या एकाच प्रतीचा जिना वरून खाली तीन वेळा उतरल्या.

"हो, बोलतेय," सून म्हणाली. "हो, ठरवलं. नाही, खोल्या चांगल्याच आहेत. भाड्याचं काही नाही. नकोत आम्हाला. दुसऱ्या कुणाला देऊन टाका." थोडं थांबून ती म्हणाली, "इथे काम आहे खूप."

बाईंनी ती प्रत ढिगावर ठेवली आणि स्टुलावर बसल्या. चाळीस दिवस आपण कमरेला काहीतरी घट्ट बांधून हिंडत होतो आणि कुणीतरी मागून त्याची गाठ सोडली, तसं वाटलं. "कुणाचा फोन?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा नाही अम्मी."

मैना मात्र फुरंगटली. "मग माझी खिडकी?"

"माझ्या खोलीतली घे," बाई म्हणाल्या. "मी भिंतीकडे झोपेन. खिडकीतून मला काय दिसतं? येणारे-जाणारे, आणि त्यांना नावं ठेवायला तोंड शिवशिवतं. नकोच ते."

पोरीला दम कुठला. लगेच पलंग सरकवायचा ठरला. बाई जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत चढल्या आणि तिथून खाली वळून मुलाला हाक मारली. "येतोस का पलंग उचलायला? की तोंडात सुपारी आहे म्हणून दोन्ही हात गुंतलेत? महिनाभर अल्लाला तोंड दाखवायला पहाटे उठत होतास, आता बायकोला दाखवायलाही उठत नाहीस. लाज नाही वाटत?"

"अम्मी," सून खालून म्हणाली, "रोजा."

"तो तुझ्यापुरता आहे," बाई म्हणाल्या. "पोटच्या पोराला मी काहीही बोलेन."

मुलाने पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जिना चढायला लागला. त्याला बरंच वाटलं होतं. इतके दिवस अम्मी गप्प होती तेव्हा त्याला काळजी वाटायची, तिला बरं नाही की काय.